खायचा वाफा

निमोण्यात भेंडीच्या दोन जाती असतात, हे मला लग्न होऊन आल्यावर कळलं. एक विकायची आणि एक खायची.

बी एकच, पाणी एकच, माती एकच. फरक एवढाच, की विकायची भेंडी मोठ्या रानात असते आणि तिच्यावर आठवड्याला फवारा चालतो. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी तर हमखास, कारण त्यानं माल मार्केटात टवटवीत दिसतो. खायची भेंडी घरामागं, न्हाणीच्या पाण्यावर, दोन-चार वाफ्यांत. तिच्यावर औषधाचा थेंब पडत नाही. घरची पोरंबाळं खातात ना ती! यात काही वावगं आहे असं गावात कुणालाच वाटत नव्हतं. माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरमधलं. आमच्याकडं भाजी बाजारातून यायची. म्हणजे दौंडला आम्ही जन्मभर विकायचीच खाल्ली. हे कळल्यावर मला जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

माझ्या सासूबाई पार्वतीबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना हा फरक माझ्या कितीतरी आधी कळला होता. त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात भाजी तोडली, त्यातही जास्त करून आनंदरावांच्या. आनंदराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, गावातलं मोठं खातं. संध्याकाळी तोडणीच्या बायकांना ओंजळभर भाजी घरी न्यायला मिळायची, ती विकायच्यातली. आत्यांच्या बोटांची सालं निघायची, डोळे चुरचुरायचे. एकदा त्यांनी घरामागच्या वाफ्याकडं बोट दाखवून विचारलं, "यातली दोन घिऊ का पोरासाठी?" तेव्हा आनंदरावांच्या आई, तुळजाबाई, म्हणाल्या होत्या, "पारू, त्यो घरचा हाय."

ते वाक्य आत्यांनी मनात मुरत घातलेल्या लोणच्यासारखं जपून ठेवलं होतं.

माझे सासरे कोंडिबा, मी त्यांना मामा म्हणते, दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रिटायर झाले आणि फंडाच्या पैशात त्यांनी निमोण्यात सव्वा एकर विहिरीचं रान घेतलं. आमच्या बौद्धवाड्यातलं पहिलं विकत घेतलेलं रान. पहिल्या दिवशी मामांनी बांधावर निळा झेंडा लावला, पेढे वाटले. आत्यांनी पेढा खाल्ला नाही. त्या रानात मधोमध उभ्या राहिल्या आणि कायदा सांगितला.

"माझ्या रानात दोन जाती न्हाईत. जातीभेद माणसांत झाला तेवढा पुरं झाला, भेंडीत नगं. जे इकीन तेच खाईन. ज्या दिशी खायचं भ्या वाटंल, त्या दिशी इकायची बी न्हाई."

माझा नवरा नागसेन रांजणगावच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. तो हसून म्हणाला, "आई, भाषण चांगलं झालं. आता अळीला पण सांग."

अळीनं ऐकलं नाही. पहिल्या वर्षी निम्मी भेंडी अळीनं खाल्ली आणि उरलेली बघून व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. गाव हसलं. हसणाऱ्यांचे दात मोजत बसण्याइतका वेळ आत्यांना नव्हता. आम्ही सासू-सुनांनी कडुनिंबाच्या निंबोळ्या गोळा केल्या, कुटल्या, भिजवल्या, गाळल्या. तो वास माझ्या साड्यांना इतका बसला, की माहेरी गेले तर आई म्हणाली, "रश्मी, तुला खरूज झाली का गं?" कडेनं झेंडू लावला. पिवळे चिकट कागद टांगले. आळीभर फिरून शेण मागितलं. तिसऱ्या वर्षी रान असं उभं राहिलं, की येणारा-जाणारा सायकल थांबवून बघायचा.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार चारला, कंपनी आली. भांडगावच्या अलीकडं हायवेला कंपनीचं पॅकहाऊस होतं. तिथून भेंडी विमानानं इंग्लंडला जायची. मालात औषधाचा अंश नको ही अट. आणि एकट्यादुकट्याचा माल नको, गावाचा गट हवा. कंपनीची फील्ड ऑफिसर स्नेहल ही खुटबावची शेतकऱ्याचीच पोर, स्कूटीवरून यायची. तिनं रानं बघितली आणि गटाच्या यादीत पहिलं नाव आमचं घेतलं. गटाचे प्रमुख मात्र आनंदराव झाले. ते बहुतेक जन्मतःच प्रमुख होते.

आता वानवळ्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

रानात नवीन माल निघाला की पहिली तोडणी आपल्या माणसांत वाटायची, हा वानवळा. दर हंगामाच्या पहिल्या तोडणीला आत्या दुरड्या भरायच्या, वर भेंडीचीच पानं झाकायच्या आणि मला गावभर पिटाळायच्या. आमची आळी झाली की मारुतीच्या देवळापलीकडं, वरच्या आळीला. तिथं कुणी हसून घ्यायचं, कुणी ओट्यावर ठेव म्हणायचं. वानवळ्याची दुरडी कधी रिकामी परत देत नाहीत. पसाभर ज्वारी, गुळाचा खडा, काहीच नसेल तर दोन मिरच्या तरी टाकतात. आनंदरावांच्या घरून मात्र दुरडी रिकामी यायची. नुसती रिकामी नाही, धुऊन.

नागसेनचा संताप व्हायचा. "कशाला पाठवती त्यांना? त्यांच्या ताटाची आपल्याला काय गरज पडलीय?"

"गरज त्यांची न्हाई, माझी हाय," आत्या म्हणायच्या. "त्या दारात माझी सासू हात पसरून शिळी भाकर घ्यायची. मी ओंजळ पसरून फवाऱ्याची भाजी घेतली. आता द्याया जाती माझी सून. देणाऱ्याचा हात वर असतो. त्यांनी घेतल्यावर त्यांचा कुठं असतो, ते त्यांनी बघावं."

मामा खाटेवरून म्हणायचे, "पर खात्यात का गं ते?"

आत्यांना खरं तर तेवढंच हवं होतं. आपण पिकवलेली भेंडी त्या घरात शिजावी, त्या घरातल्या ताटात वाढली जावी. जगात दुसरी कुठलीही इच्छा त्यांनी माझ्याजवळ कधी बोलून दाखवली नाही.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी आणलं. दुरडी परत आणायला गेले, तर आनंदरावांच्या गोठ्यात म्हशीपुढच्या गव्हाणीत आमची भेंडी पडलेली. पानांसकट. म्हैस मन लावून खात होती. मी तरातरा घरी आले आणि दारातूनच ओरडून सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, रागाचं.

आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. भाकरी थापून तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "म्हशीनं खाल्ली?"

"व्हय."

"समदी?"

"चाटून पुसून."

"मग त्या घरात एक तरी शहाणं हाय म्हणायचं," आत्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पुढच्या हंगामाला त्यांनी मला पुन्हा दुरडी घेऊन त्याच दारात पाठवलं. यावेळी जरा जास्तच भरून.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात दणका बसला. आमच्या गटाची भेंडी तपासणीत नापास झाली. मालात औषध सापडलं. सगळा लॉट पॅकहाऊसला अडकला, आणि आता इंग्लंडवरून खरेदीदारांची बाई रानं बघायला येणार, मग ठरणार निमोणं ठेवायचं की काढायचं. सोसायटीच्या हापिसात बैठक बसली. मामा, आत्या आणि मी दाराशी बसलो होतो.

आनंदराव उभे राहिले. "नाव घेत न्हाई कुणाचं," असं म्हणून त्यांनी आमच्याकडं बघितलं. "पर काही माणसं काल-परवा शेतकरी झाल्यात. त्यांना फवारा कवा मारावा, किती मारावा, ह्याचा अंदाज न्हाई. त्यांच्यापायी गाव गोत्यात येतंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार तेवढ्यात आत्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"आगं बस," त्या हळूच म्हणाल्या. "येऊंदे ती इंग्लंडची बाई."

घरी आल्यावर मात्र त्या जेवल्या नाहीत. गट मोडला तर काय, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. औषध न मारता पिकवलेल्या भेंडीला मार्केटात कुणी वेगळी ओळखत नव्हतं. तिथं टवटवीत दिसेल तीच भेंडी. म्हणजे एकतर आत्यांनी फवारा उचलायचा, नाहीतर परत दुसऱ्यांच्या रानात वाकायचं. "दोन्ही व्हणार न्हाई माझ्याच्यानं," एवढंच त्या म्हणाल्या.

इंग्लंडची बाई आली ती घामानं लालबुंद झालेली, डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट. साध्या वळणाची होती. बरोबर स्नेहल, बोललेलं इकडून तिकडं सांगायला. पहिला मान अर्थातच आनंदरावांचा. अंगणात खुर्च्या, सरबत, हार. अर्धं गाव जमलेलं. बाईनं मोठं रान बघितलं, पानं उलटून बघितली, माती हातात घेतली. आनंदराव सगळं नीट सांगत होते. परत येताना तिची नजर घरामागच्या हिरव्यागार वाफ्यांवर गेली. तिनं विचारलं, हे काय?

आणि आनंदरावांची छाती फुगली. माझा विश्वास आहे, त्या क्षणी त्यांच्या मनात काडीचंही कपट नव्हतं. पाहुणीला आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं दाखवावं, एवढंच होतं.

"ही?" ते म्हणाले. "ही घरची हाय, मॅडम! खायची! हिच्यावर औषधाचा एक थेंब न्हाई. सोन्यासारखी भेंडी! नातवंडं कच्ची खात्यात."

स्नेहलनं त्यांच्याकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "आनंदकाका, हे असंच सांगू?"

"सांग की! लाजती कशाला?"

स्नेहलनं सांगितलं. बाईनं मोठ्या रानाकडं बघितलं, मग या वाफ्याकडं, मग पुन्हा मोठ्या रानाकडं. तिचा प्रश्न अगदी साधा होता. स्नेहलनं तो मराठीत केला तेव्हा सगळ्यांना ऐकू गेला.

"मग ती कोण खातं?"

 आपण काय बोलून बसलो ते आनंदरावांना आत्ता कळलं. 

त्यानंतर बाईनं दर घरी आधी घरामागं जाऊन बघितलं. बारा घरांच्या गटात अकरा घरामागं वाफा. एका बाईनं तर घाईघाईनं त्यावर लुगडं वाळत घातलं होतं, पण लुगड्याखालून भेंडी वर आली होती. शेवटी वरात आमच्या रानात आली. तोवर तुळजाबाईसुद्धा गोरी बाई बघायला म्हणून काठी टेकत आल्या होत्या आणि आमच्याच बांधावर टेकल्या होत्या.

बाईनं रानाला लागून असलेल्या आमच्या घराला चक्कर मारली. मागं कोंबड्या, सरपण आणि मामांची जास्वंद. वाफा नाही.

"तुम्ही घरी कुठली भेंडी खाता?" स्नेहलनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

आत्या विकायच्या सरीत शिरल्या, समोर आली ती भेंडी कट्कन तोडली, पदराला पुसून अर्धी खाल्ली. दुसरी तोडून बाईपुढं धरली. बाईनं क्षणभर ती हातात फिरवली आणि खाल्ली. देठापर्यंत. मग हसली, आणि आत्याही हसल्या. दोघींचे दात भेंडीच्या चिकानं बुळबुळीत झाले होते. मला तेव्हा आत्यांचा एवढा अभिमान वाटला, की मी रानातच टाळी वाजवली. एकटीनंच. मागनं मामांनी वाजवली.

बाईनं आणखी एक विचारलं. गावातले बाकीचे लोक तुमची भेंडी खातात का?

आता सगळ्यांच्या नजरा आत्यांवर. तुळजाबाईंनी मान खाली घातली. काठीनं त्या ढेकूळ फोडत बसल्या. आनंदराव आभाळाकडं बघत होते. एका वाक्यात आनंदरावांचा वाडा जमीनदोस्त करायची ताकद त्या वेळी आत्यांच्या जिभेवर होती, आणि मी तर मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, सांगाच.

"व्हय तर," आत्या म्हणाल्या. "वानवळा जातो माझा समद्या गावात. तुळजाबाईंच्या दारात तर दुरडी पोचायचा अवकाश, लगेच फस्त हुती. चाटून पुसून खात्यात."

घरात नाही म्हणाल्या. दारात म्हणाल्या. खोटं एक अक्षर नाही. स्नेहलनं तसंच इंग्रजीत सांगितलं, बाईनं खूष होऊन तुळजाबाईंकडं बघत मान डोलावली. तुळजाबाईंनी मान वर केली ती थेट आत्यांच्या डोळ्यांत. आत्यांनी नजर हलवली नाही. दोन म्हाताऱ्यांत त्या वेळी जे झालं ते इंग्रजीत कुणालाच सांगता आलं नसतं.

जाताना बाईनं निरोप ठेवला. स्नेहलनं तो बैठकीत सांगितला. "मॅडम म्हणतात, एक हंगाम आणखी. पण सगळी रानं त्या रानासारखी पाहिजेत. नाहीतर निमोणं बंद."

"पर कसं?" एक जण म्हणाला. "सवय हाय हाताला. अळी दिसली की पंप पाठीवर चढतोच."

तेव्हा आत्या उठल्या. सोसायटीच्या हापिसात आमच्या आळीतली बाई आजवर उठून बोललेली नव्हती.

"खायचा वाफा मोडा," त्या म्हणाल्या. "समद्यांनी. मोठ्या रानातलीच नातवाच्या ताटात वाढायची म्हटलं, की हात आपोआप आवरंल. बाकी निंबोळी कशी कुटायची ती माझी सून दावंल. तिच्या अंगाला अजून वास येतोय."

सगळे हसले, आणि मीही हसले. आनंदराव हसले नाहीत. ते उठले, बायकोला हाक मारली नाही, गड्याला हाक मारली नाही. घरी जाऊन स्वतः कुदळ घेतली आणि घरामागचे वाफे मोडले. माणूस अहंकारी होता, पण अर्धवट काम करणारा नव्हता. पुढचे दोन महिने वरच्या आळीतल्या बायका आमच्या वस्तीवर निंबोळ्या कुटायला येत होत्या आणि नाकाला पदर लावून मला शिव्या देत होत्या.

पावसाळी भेंडीची पहिली तोडणी झाली. आत्यांनी दुरड्या भरल्या. आनंदरावांची दुरडी भरायला घेतली आणि थांबल्या. "आज न्हाई," म्हणाल्या. "आज बघू."

 सकाळभर ओट्यावर बसून होत्या. उगाच कोंबड्यांना हाकत होत्या. ऊन तापलं, मामा जेवून झोपले, तरी त्या आत येईनात.

मग कुडाबाहेर काठी वाजली.

"पार्वतीबाई हायेत का घरात?"

मी आतूनच दचकले. तीस वर्षं त्या आवाजानं 'पारू' म्हटलेलं आमच्या सगळ्या आळीनं ऐकलं होतं. बाहेर आले तर तुळजाबाई. ऐंशीच्या आसपासची म्हातारी, मारुतीच्या देवळापासून उन्हात चालत आलेली, धापा टाकत. काखेत दुरडी, त्यावर भेंडीची पानं. त्यांच्या घरून या आळीत आजवर जे आलं होतं ते शिळं, उरलेलं किंवा वरून टाकलेलं. वानवळा कधीच आला नव्हता.

"आमची पयली तोडणी," तुळजाबाई म्हणाल्या. "वानवळा आणलाय."

आत्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी पानं बाजूला केली, एक भेंडी उचलली, टोक मोडून बघितलं. कोवळी होती.

"तुळजाबाई," त्यांनी विचारलं, "ही इकायची हाय, का खायची?"

 तुळजाबाईंनी काठी भिंतीला टेकवली.

"आता एकच हाय गं बाई," त्या म्हणाल्या. "सकाळी नातवाला हीच दिली. मग निघाले."

आत्या उठल्या. दुरडी घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रश्मी, तवा ठेव. तेल सढळ घाल." मग ओट्यावर घोंगडी अंथरली. तुळजाबाई म्हणाल्या, "निघते मी, ऊन झालंय." आत्या म्हणाल्या, "दुरडी रिकामी परत जात न्हाई ह्या घरातनं. आन् माणूस बी. बसा."

तुळजाबाई बसल्या. मी लसूण ठेचून दोन्ही रानांतली भेंडी वेगवेगळी परतली, गरम भाकरी केल्या. दोघींची ताटं शेजारी शेजारी वाढली, एका ताटात त्यांच्या रानातली भेंडी, एका ताटात आमच्या. आत्यांनी ती दोन ताटं बघितली, आणि अदलाबदल केली. आमची तुळजाबाईंपुढं ठेवली.

तुळजाबाईंनी पहिला घास घेतला. दात नव्हते, त्यामुळं वेळ लागला. आत्या हातातला घास तसाच धरून बघत राहिल्या.

"कशी हाय?" आत्यांनी विचारलं.

"म्हशीचं नशीब मोठं गं," तुळजाबाई म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.

आत्या इतक्या हसल्या, की मामा जागे होऊन बाहेर आले. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि जेवायला सुरुवात केली.